दोन मास्तरांचा सिनेमा

दोस्तांनो, आमच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. होता म्हणते, कारण आता तो तिथे नाही. तो तिथून कसा गेला, हे आज तुम्हाला सांगायचंय. पण त्यासाठी १९३८ सालच्या एका सिनेमाची गोष्ट सांगावी लागेल. हा सिनेमा आपल्या कोल्हापूरच्या कंपनीनं काढला. आणि गंमत म्हणजे तो लिहिणारे एक शाळामास्तर होते नि तो दाखवणारे, म्हणजे दिग्दर्शक, तेही एकेकाळचे शाळामास्तरच!

आधी तक्त्याचं सांगते.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक पाहुणे भाषणाला आले होते. आवाज खणखणीत. बोलणं असं, की खिडकीत बसलेली चिमणीसुद्धा ऐकत राहावी. मोबाइलमुळे मुलांचे डोळे कसे बिघडतात, झोप कशी उडते, अभ्यास कसा मागे पडतो, असं सगळं त्यांनी सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "चला, उजवा हात पुढे करा. म्हणा, वार्षिक परीक्षा होईपर्यंत मी मोबाइलला हात लावणार नाही!"

वर्गातली एकतीस पोरं. एकतीस हात पुढे आले. बत्तिसावा हात माझा. बाईंनी हात पुढे केला नाही तर कसं दिसेल?

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेनं तक्ता केला. डाव्या बाजूला सगळ्यांची नावं, वर तारखा. रोज सकाळी ज्यानं त्यानं आपल्या नावापुढे खूण करायची. शपथ पाळली असेल तर बरोबरची खूण, मोडली असेल तर फुली. सगळ्यात खाली माझं नाव.

पहिल्याच दिवशी तीस बरोबरच्या खुणा नि एक फुली! फुली करणारी मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. मी विचारलं, "काय गं, काय झालं?" तर ती म्हणाली, "बाई, काल रात्री मी गाणी बघत बसलो. मी खोटं सांगत नाही." (आमच्याकडे कोल्हापुरात मुलीसुद्धा 'मी बसलो, मी जातो' असंच बोलतात बरं का!) तिसऱ्या दिवशी पुन्हा फुली. आठवड्यात चार फुल्या. मग काय, पोरांनी तिचं नावच ठेवलं, 'फुलीवाली'. माझ्या कानावर ते आलं. मी "गप्प बसा रे" एवढंच म्हटलं नि फळ्याकडे वळले.

असे तीन आठवडे गेले. तक्ता पाहून मुख्याध्यापकांनीही शाबासकी दिली.

औदुंबरची शपथ

मग एका रविवारी आमच्या गल्लीतले एक आजोबा भेटले. वय नव्वदीच्या घरात. शपथेची गोष्ट ऐकून ते खो खो हसले. म्हणाले, "अगं, तुमच्या वर्गाचा 'ब्रह्मचारी' झालाय की! मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' बघितलास का नाही?"

मी बघितला नव्हता. तुम्हीही बघितला नसेल. तर ऐका.

औदुंबर नावाचा एक तरुण असतो. साधासुधा, आपल्या स्वप्नांत रमणारा. छानसं लग्न व्हावं, घर व्हावं, असं त्याला वाटत असतं. सिनेमातल्या नट्यांची चित्रं त्यानं जमवलेली असतात. एक दिवस तो एका देशभक्ताचं भाषण ऐकतो. तरुणांनी ब्रह्मचर्य पाळलं पाहिजे, म्हणजे लग्नाच्या भानगडीत न पडता, संयमानं राहून देशाचं काम केलं पाहिजे, असं ते जोरजोरात सांगत असतात. झालं! औदुंबरच्या अंगात वारं शिरतं. नट्यांची चित्रं जातात केराच्या टोपलीत. व्यायाम सुरू होतो. नि हे महाशय घर सोडून थेट एका आश्रमात जाऊन दाखल होतात.

आणि मग तिथे येते किशोरी. हसरी, धीट, गाणारी मुलगी. औदुंबर तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मान वळवतो, पण मान काही ऐकत नाही. शपथ एकीकडे ओढते नि मन दुसरीकडे. या ओढाताणीत जी काही धमाल होते, तोच सगळा सिनेमा. शेवट काय होतो ते मी सांगणार नाही. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर बसून बघा.

औदुंबर झालेत स्वतः मास्टर विनायक. किशोरी झाल्यात मीनाक्षी शिरोडकर. दामुअण्णा मालवणकरही यात आहेत. त्यांचा नुसता चेहरा पडद्यावर दिसला तरी लोक हसायला सुरुवात करीत. संगीत दादा चांदेकरांचं, कॅमेरा पांडुरंग नाईकांचा.

यात एक गाणं आहे, यमुनेच्या पाण्यात कन्हैयाशी खेळण्याचं. ते म्हणताना मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात आहेत. आज आपल्या जलतरण तलावावर मुली तसल्याच पोशाखात पोहायला शिकतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण १९३८ साली नऊवारी-पाचवारीच्या जमान्यात केवढा गहजब झाला! कुणी नाकं मुरडली, कुणी पुन्हा पुन्हा तिकीट काढलं. नाकं मुरडणाऱ्यांतल्याही काहींनी आधी तिकीट काढलंच असणार, नाही का? गाणं मात्र अजून म्हटलं जातं. (नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या दोघी नट्या मीनाक्षीबाईंच्या नाती.)

मास्तर पहिले : लिहिणारे

ही गोष्ट लिहिली प्रल्हाद केशव अत्रे यांनी. म्हणजे आपले आचार्य अत्रे. त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोढीत गावचा. अत्रे म्हटलं की मोठ्या माणसांना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली त्यांची भाषणं आठवतात, 'मराठा' हे वर्तमानपत्र आठवतं. 'श्यामची आई' हा सिनेमाही त्यांचाच. त्याला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं.

पण मला आवडतात ते त्याच्या आधीचे अत्रे मास्तर. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत ते कित्येक वर्षं हेडमास्तर होते. शिकवायचं कसं हे शिकायला ते लंडनलाही जाऊन आले. तेव्हाची क्रमिक पुस्तकं पोरांना कंटाळवाणी वाटतात, असं त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. तुमच्या पणजोबांना विचारता आलं असतं, तर त्यांनी त्यातले धडे तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवले असते.

अत्र्यांना एका गोष्टीची भारी गंमत वाटायची. ती म्हणजे माणसाच्या डोक्यात शिरणारं खूळ! एकदा का एखादं खूळ शिरलं, की माणूस त्याच्यापुढे दुसरं काही बघत नाही. १९३३ साली त्यांनी 'साष्टांग नमस्कार' हे नाटक लिहिलं. त्यात घरच्या यजमानांच्या डोक्यात सूर्यनमस्कारांचं खूळ. कुठलंही दुखणं असो, औषध एकच, नमस्कार घाला! आता सूर्यनमस्कार वाईट का? मुळीच नाही. अत्रे सूर्यनमस्काराला हसत नाहीत, खुळाला हसतात. 'ब्रह्मचारी'तही तेच. व्यायाम करणं चांगलं, संयम चांगला, देशाचं काम तर चांगलंच. मग हसायचं कशाला? तर दुसऱ्याच्या तोंडची शपथ आपण न विचार करता आपली म्हणून घेतो, त्याला.

मास्तर दुसरे : दाखवणारे

विनायक दामोदर कर्नाटकी हे अस्सल कोल्हापूरचे. जन्म १९ जानेवारी १९०६. सिनेमात येण्याआधी ते कोल्हापुरात शाळेत शिकवत. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना 'मास्टर विनायक' म्हणूनच ओळखू लागला.

तेव्हाचं आपलं कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गावच होतं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी इथेच काढली. १९२९ साली 'प्रभात' इथेच जन्मली. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं कोल्हापुरातच तयार केला. त्यात विनायकरावही आहेत. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, पण इथल्या माणसांच्या हातातली कला कुठे जाणार? १९३६ साली मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक या तिघांनी मिळून नवी कंपनी काढली, तिचं नाव 'हंस पिक्चर्स'.

हंसचा पहिला सिनेमा 'छाया'. त्याची गोष्ट वि. स. खांडेकरांची. खांडेकर म्हणजे पुढे 'ययाति' कादंबरीला ज्ञानपीठ मिळालेले आपले थोर लेखक. तेव्हा ते कोकणात शिरोड्याच्या शाळेत शिकवत होते. म्हणजे बघा, तिसरे मास्तर! १९३८ मध्ये ते कोल्हापूरला राहायला आले ते कायमचे. खांडेकरांच्या गोष्टी डोळ्यांत पाणी आणणाऱ्या, तर अत्र्यांच्या पोट धरून हसवणाऱ्या. दोन्ही तऱ्हेचे सिनेमे विनायकरावांनी काढले. 'ब्रह्मचारी'नंतर पुढच्याच वर्षी अत्र्यांचीच 'ब्रँडीची बाटली' आली. त्यात ब्रँडी म्हणजे काय हेसुद्धा ठाऊक नसलेला एक भोळा कारकून ब्रँडी शोधत गावभर वणवण करतो!

'ब्रह्मचारी' मराठीत निघाला, तसा हिंदीतही निघाला. आजच्यासारखं नुसता आवाज बदलून तेव्हा काम भागत नसे. दोन भाषांत सिनेमा काढायचा तर तोच प्रसंग आधी एका भाषेत बोलून चित्रित करायचा, मग पुन्हा दुसऱ्या भाषेत. तोच विनोद, तेच हसणं, तेच तोंडावर आपटणं, सगळं दोनदा! एकदा सांगितलेला विनोद दुसऱ्यांदा तितक्याच ताज्या तोंडानं सांगून बघा, म्हणजे त्या नटांचं कौतुक कळेल.

तिकडे अमेरिकेत

आता थोडं लांब जाऊ. १९३८ सालीच, समुद्रापलीकडे अमेरिकेतल्या हॉलिवूडमध्येही असलाच एक हसवणारा, गाण्यांनी भरलेला सिनेमा निघाला. त्याचं नाव 'कॉलेज स्विंग'. स्विंग म्हणजे तेव्हाच्या तरुणांचं ठेक्यावर डोलायला लावणारं संगीत. त्या काळी तिकडे अशा कॉलेजपटांची लाटच होती. कॉलेजचं मैदान, परीक्षेची धास्ती, गाणी, नाच नि प्रेमाच्या भानगडी. एवढं असलं की झाला सिनेमा! त्यातले पुष्कळसे आज तिकडच्या लोकांनाही आठवत नाहीत. 'कॉलेज स्विंग'ही त्यातलाच. पण गोष्ट मोठी मजेदार आहे.

१७३८ साली एका कॉलेजच्या म्हाताऱ्या मालकाची नात परीक्षेत काही केल्या पास होत नाही. म्हातारा वैतागतो. घराण्यातली एखादी मुलगी दोनशे वर्षांत पास झाली, तर कॉलेज तिच्या नावावर करायचं, असं तो लिहून ठेवतो. दोनशे वर्षं जातात. कोणी पास होत नाही! उजाडतं १९३८. शेवटची मुदत, आणि घराण्यात उरलेली मुलगी अभ्यासात अगदी ढ. तिचं काम केलंय ग्रेसी ॲलन या नटीनं. उलटसुलट उत्तरं देऊन हसवण्यात तिचा हात कोणी धरत नसे. तिला पास करण्याचा विडा उचलतो बॉब होप. हाही पुढे जगभर गाजलेला विनोदी नट. ती पास होते आणि कॉलेज ताब्यात येताच प्राध्यापक म्हणून नाचणारे, गाणारे, नकला करणारे लोक भरती करते! मग काय, वर्गात शिकवणं कमी नि गाणं जास्त. इंग्लंडमध्ये हा सिनेमा दाखवताना त्याचं नावच 'स्विंग, टीचर, स्विंग' असं ठेवलं होतं. म्हणजे, 'डोला हो मास्तर, डोला!'

आता ऐका खरी गंमत. त्या सिनेमातही बायकांपासून दूर पळणारा एक श्रीमंत गृहस्थ आहे! बायका जवळ येऊ नयेत म्हणून त्यानं माणूस ठेवलाय. आणि शेवटी त्याची गाठ पडते ती नेमकी ग्रेसीशीच. कोल्हापूरच्या अत्रे-विनायकांनी हॉलिवूडचं बघून केलं, किंवा त्यांनी आपलं बघून केलं, असं काही मला म्हणायचं नाही. दोन्ही सिनेमे एकाच वर्षातले. पण बोलणं एक नि मन भलतंच, अशा माणसाला बघून हसू यायला भाषा लागत नाही. ते तिकडेही येतं नि आपल्या महाद्वार रोडवरही येतं.

फरक आहे तो इतकाच. तिकडचा सिनेमा परीक्षेला हसतो, आपला शपथेला. आणि आपला सिनेमा हसता हसता हळूच विचारतो, "ही शपथ घेतली कुणी? तू, की तुझ्या कानात शिरलेल्या भाषणानं?"

रिळांचं गणित

वर्गात मी हा सिनेमा गणितालाही वापरला. तुम्हीही करून बघा.

बोलपटात एका सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर येऊन जातात. ती इतकी भराभर येतात, की आपल्या डोळ्यांना माणूस हलतोय असं वाटतं. मग एका मिनिटाला किती? २४ गुणिले ६०, म्हणजे १,४४० चित्रं. दोन तासांच्या सिनेमाला १,७२,८०० चित्रं! फिल्मच्या एक फूट पट्टीवर १६ चित्रं मावतात. म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला १०,८०० फूट पट्टी लागते. तीन किलोमीटरहून जास्त! आता सांगा, तुमच्या शाळेच्या मैदानाला त्या पट्टीचे किती वेढे बसतील?

ही पट्टी तेव्हा नायट्रेट नावाच्या पदार्थाची असे. ती चटकन पेट घेई. पेटली नाही तरी वर्षानुवर्षं पडून राहिली की कुजून तिचा भुगा होई. म्हणून त्या काळातले कितीतरी सिनेमे कायमचे गेले. आज त्यांची फक्त नावं उरली आहेत. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून जुने सिनेमे शोधून जपण्याचं काम नीट होऊ लागलं. 'ब्रह्मचारी' आपल्यापर्यंत पोचला हे आपलं नशीब!

पुढे काय झालं?

मास्टर विनायक पुढे हंसमधून 'नवयुग' या कंपनीत गेले आणि मग त्यांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. १९४२ साली मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. घरात पाच लहान भावंडं, थोरली तेरा वर्षांची होती न होती. त्या कठीण दिवसांत विनायकरावांनी तिला आपल्या कंपनीत काम दिलं. ती थोरली म्हणजे आपल्या लतादीदी! कंपनी कोल्हापुरात होती तेव्हा त्याही इथेच होत्या. १९४५ साली कंपनीबरोबर त्या मुंबईला गेल्या आणि पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

विनायकराव मात्र फार जगले नाहीत. देश स्वतंत्र झाला आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्ट १९४७ रोजी ते गेले. वय अवघं एकेचाळीस. त्यांची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिनं लहानपणीच सिनेमात काम सुरू केलं. तीच पुढची प्रसिद्ध नटी नंदा.

सोमवारची सकाळ

आता पुन्हा आमच्या तक्त्याकडे.

आजोबांनी सांगितलं त्याच रात्री मी 'ब्रह्मचारी' बघितला. घरचे झोपले होते. पांघरुणात शिरून, आवाज बारीक करून मी बघत होते. अर्धा तास बघू म्हणून सुरू केला नि सगळाच बघून टाकला. तोंडावर उशी दाबून हसले. आणि सिनेमा संपल्यावर एकदम लक्षात आलं.

मी तो मोबाइलवर बघितला होता.

शपथ मोडणाऱ्या माणसाला मी हसत होते, नि हसता हसता माझीच शपथ मोडून बसले होते! आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं. त्या तीन आठवड्यांत कधी गाणी, कधी स्वयंपाकाच्या कृती, कधी उगाच आपलं बोट फिरवणं, असं रोजच चालू होतं. 'हे शाळेच्या कामाचं', 'हे पाचच मिनिटं', असं मनाला सांगून मी रोज सकाळी आपल्या नावापुढे झोकात बरोबरची खूण करत होते. वर्गातली सगळ्यात सुबक खूण माझीच असायची.

रात्रभर नीट झोप लागली नाही. सोमवारी वर्गात गेले. मुलं खुणा करत होती. सगळ्यांची झाल्यावर मी पेन घेतलं नि माझ्या नावापुढे मोठी फुली मारली. मग मागच्या तीन आठवड्यांच्या खुणांवरही एकेक करून फुल्या मारल्या. वर्ग चिडीचूप. पेनाचा आवाज तेवढा येत होता.

मी मुलांना सगळं सांगितलं. पांघरूण, उशी, औदुंबर, सगळं. पहिल्यांदा कुणीच हसलं नाही. बाईंना हसायचं कसं? मग मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "बाई, माझ्या बी चार खुणा खोट्या हाईत." त्याच्या शेजारचा म्हणाला, "चार न्हाई बाई, लई हाईत!" आणि मग वर्गात जो काही हशा उसळला, तो शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तरी थांबेना. पोरं एकेक करून उठली नि तक्त्यावर फुल्या मारू लागली. दिवस संपता संपता बरोबरच्या खुणा खऱ्या राहिल्या त्या फक्त दोघांच्या. त्यातल्या एकाच्या घरात साधाच फोन होता.

सगळे हसत होते, पण ती दुसऱ्या बाकावरची मुलगी हसत नव्हती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "बाळ, पहिल्या दिवसापासून एकटी तू खरं लिहीत होतीस. पोरं तुला चिडवत होती नि मी नुसती बघत राहिले. माझं चुकलं." ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "बाई, आता ते काढूया?"

तिनंच तो काढला. स्टुलावर चढून, चारी कोपऱ्यांच्या टाचण्या काढून, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

मग आम्ही नवं ठरवलं. कुणाच्या मागून म्हणायची शपथ नाही. ज्यानं त्यानं घरी जाऊन विचार करायचा, आपल्याला खरंच जमेल असं एकच काहीतरी ठरवायचं नि वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. दाखवायची सक्ती नाही. एकानं दाखवलं. त्यानं लिहिलं होतं, 'जेवताना मोबाइल बघणार नाही, पण आजी मालिका लावते त्याला मी काय करू?' माझ्या वहीत लिहिलंय, 'रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात ठेवायचा.' जमतंय का? पुष्कळदा जमतं. जमलं नाही तर मी मुलांना सांगते, आणि ती मला 'औदुंबरबाई' म्हणतात!

'फुलीवाली' हे नाव मात्र त्या दिवसापासून वर्गात कुणी घेतलं नाही.

तुमच्यासाठी

१. आजी-आजोबांना विचारा, त्यांनी पाहिलेला पहिला सिनेमा कोणता? कुठल्या थिएटरात? तिकीट किती होतं? त्यातलं एक गाणं त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

२. आपल्या डोक्यात शिरलेलं एखादं खूळ आठवा नि त्यावर दहा ओळींची विनोदी गोष्ट लिहा. अट एकच, हसायचं ते स्वतःला, शेजाऱ्याला नाही.

३. कोल्हापूरला आलात तर खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ बघायला विसरू नका. तिथून जाता-येता आम्ही कितीदा जातो, पण मान वर करून बघतो किती जण?

आणि आई-बाबा, तुम्हालाही एक सांगते. पोरांना शपथ घालण्याआधी आपल्या पांघरुणात एकदा डोकावून बघा!